वखऱ्या काही मरेना

वर्षालीच्या घरी तीन महिन्यांत वखऱ्या राक्षस सत्त्याऐंशी वेळा मेला होता. कधी जेवणाआधी मेला, कधी जेवणानंतर, आणि एकदा तर तिचे वडील शालिकराम वांग्यांची गोणी शिवत होते तेव्हा, सुई तोंडात धरूनच त्यांनी त्याला मारला. इतक्या वेळा मेलेला राक्षस परगावी जाऊन मरायला नकार देईल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

वखऱ्या राहायचा वर्षालीच्या वहीत. अमरावतीच्या एका शाळेत ती गणित शिकवायची आणि उरलेल्या वेळात खेळ लिहायची. खेळाचं नाव ‘काळ्या मातीचे मांत्रिक’. पट नाही, सोंगट्या नाहीत, मोबाइल तर नाहीच. एकाने पुस्तक हाती घेऊन राक्षस चालवायचा, बाकीच्यांनी मांत्रिक व्हायचं, फासे टाकायचे आणि तोंडाने गोष्ट पुढे न्यायची. पर्वत हलवणारे मोठे मंत्र लिहायला सोपे. ते खेळाच्या शेवटी येतात, तोवर खेळणारा गुंतलेला असतो. कस लागतो तो पहिल्या पायरीच्या चिल्लर मंत्रांचा. ते कमीजास्त झाले की माणूस अर्ध्या तासात उठून चहा करायला जातो आणि परत येत नाही.

तिच्याकडे असे दोन मंत्र होते. ‘गोफण’ म्हणजे एकच दगड, एकच घाव. ‘ठिणगी’ म्हणजे एका फुंकरीत तीन ठिणग्या, प्रत्येकीचा घाव वेगळा मोजायचा. वखऱ्याचे जीव तीस, आणि दर फेरीला तो बकाबका काळी माती खाऊन चार जीव परत कमवायचा. भाऊ रोहित नेहमी ठिणगी घ्यायचा आणि तिसऱ्या फेरीतच राक्षसाची राख करायचा. गोफण घेऊन बसलेल्या शालिकरामांचा हात वर जाईपर्यंत सगळं आटोपलेलं.

“मले कायले बसवता मंग?” ते चिडायचे. “मी जातो वांगे निवडाले.”

म्हणून वर्षालीने ठिणगीला कात्री लावली. आधी एका ठिणगीला सहापर्यंत घाव लागायचा, तो तिने चारपर्यंत आणला. तरी रोहित जिंकतोच. शेवटी एका ठिणगीला एक नाहीतर दोन, त्यावर दमडी नाही. तेव्हा कुठे जमलं. बापलेक दोघांनाही वाटा मिळायला लागला आणि वखऱ्या अगदी सातव्या फेरीला, शहाण्यासारखा मरायला लागला. वर्षाली वहीत फक्त फेऱ्या लिहायची. राक्षसाचे जीव सांभाळायचं काम आईकडे, बाजारात भाजी विकणाऱ्या पार्बताबाईंकडे. मंत्र टाकायला ती तयारच नव्हती. “मी काहून जाळू कोणाले?” असं म्हणून ती ताटात तीस चिंचोके मांडून बसायची आणि घाव पडला की तितके उचलून वाटीत टाकायची.

पण घरचे ते घरचे. तिने हातात मातीचं ढेकूळ देऊन हा खेळ आहे म्हटलं असतं तरी ते खेळले असते. वर्षालीला हवे होते परके. तिच्याशी काही देणंघेणं नसलेल्या माणसांनी तिचा खेळ पुन्हा पुन्हा मागावा, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती फार मोठी होती. मैत्रिणी एकदा आल्या, पोहे खाऊन गेल्या. आता उरला होता अकोल्याचा गजेंद्र.

गजेंद्रचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. दर रविवारी दुकान बंद असलं की मागच्या गोदामात बारा वर्षं त्याचा खेळ बसायचा, तोही परदेशी, जाडजूड पुस्तकांतला. माणूस मोठा कडक. पुस्तकात लिहिलं नाही ते जगात नाही, असा त्याचा कायदा. अर्ध्या गुणासाठी त्याने म्हणे सख्ख्या साल्याचा मांत्रिक त्याच्या वाढदिवशी मारला होता. वर्षालीला तो फोनवर म्हणाला, “एक बैठक देतो. खेळ शेवटलोक टिकला तं वर्षभराचे बावन रविवार तुह्या खेळाले. नाई टिकला तं रामराम. अन लिहिणारीनं तोंड उघडाचं नाई. मी पुस्तक वाचून चालवीन. पुस्तकात दम असन तं पुस्तकच बोलन.”

त्याच रविवारी अकोल्यात सुंदरामावशीच्या नातवाचं बारसं निघालं, त्यामुळे मायलेकी एकाच बसने निघाल्या. मूर्तिजापूरपर्यंत पार्बताबाईंनी शेजारणीशी वांग्याच्या भावावरून वाद घातला, जिंकला आणि वर तिच्याकडूनच दोन पेरू घेतले. वर्षाली खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचीही लाज वाटत होती.

“माय, तू मावशीकडंच थांबजो. तठी येऊ नको.”

“मी काय तुह्या राक्षसाले खाऊन राहिली?”

गोदामात टेबलाशी तिघं होते. पुस्तक हाती घेतलेला गजेंद्र, ठिणगी घेतलेली खुशी आणि गोफणवाला कुलदीप. खुशी कॉलेजात होती, कुलदीप शेजारच्या पंक्चरच्या दुकानाचा मालक. वर्षाली कोपऱ्यातल्या स्टुलावर, ओठ आवळून. सुरुवात झकास झाली. वखऱ्या जमीन फाडून वर आला, जबड्यात वखराची लखलखती पास, म्हणजे लोखंडी पातंच, बसवलेली. खुशीने चक्क किंचाळी मारली आणि वर्षालीला ती किंचाळी घरी नेऊन कपाटात ठेवावीशी वाटली.

पाचव्या फेरीपर्यंत मजा होती. सातव्या फेरीला वर्षालीने मनात म्हटलं, आता मरेल. नवव्या फेरीला तिने हात जोडले. अकराव्या फेरीला वखऱ्याचे जीव होते सव्वीस. बाराव्या फेरीला सत्तावीस.

“हा तं भरून राहिला!” कुलदीप ओरडला. “अबे, आपुन याले मारून राहिलो का जेवू घालून राहिलो?”

खुशीने तीन ठिणग्या सोडल्या. एक लागली, एक लागली, एक हुकली. एकूण घाव दोन. “डास चावला तरी यापेक्षा जास्त लागते,” ती म्हणाली. वखऱ्याने माती खाल्ली आणि वर ढेकर दिला. ढेकर पुस्तकात लिहिलेला होता, म्हणून गजेंद्रने तो इमानेइतबारे देऊन दाखवला, पण त्यानंतर त्याला खरीखुरी जांभई आली. तीन महिन्यांचं गणित, आणि उत्तर जांभई! वहीतल्या सगळ्या फेऱ्या वर्षालीला पाठ होत्या. चूक कुठे आहे ते मात्र दिसत नव्हतं आणि विचारायलाही तोंड नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. पार्बताबाई, कपाळाला बारशाचं कुंकू, हातात उकडलेल्या हरभऱ्यांचा डबा.

“घुगऱ्या आणल्या. पोराचं नाव किशोर ठेवलं. घ्या बाप्पा, गरम हायेत.”

परकी माणसं वगैरे पार्बताबाईंना कधी दिसतच नसत. त्यांनी स्टूल ओढलं, गजेंद्रच्या कागदावरची आकडेमोड पाहिली आणि नाक मुरडलं. “कागदावर राक्षस कसा दिसन? किती उरला? सत्तावीस?” लगेच ताटलीत सत्तावीस घुगऱ्या मांडल्या गेल्या. बोलता बोलता कुलदीपने दोन तोंडात टाकल्या.

“कुलदीप, तू राक्षसाचे दोन जीव खाल्ले,” गजेंद्र म्हणाला.

“मंग दोन घाव धरा ना भाऊ!”

गजेंद्रने डब्यातून दोन काढून मोजून परत ठेवल्या. कायदा म्हणजे कायदा.

तेराव्या फेरीला खुशीच्या तिन्ही ठिणग्या लागल्या. एक, एक आणि दोन. पार्बताबाईंनी ताटलीतून घुगऱ्या उचलून वाटीत टाकल्या. गजेंद्रने मान पुढे काढली.

“काकू, घाव चार झाले. तुमी सात टाकल्या.”

“चारच हायेत. तीन वरून हायेत.”

“वरून म्हंजे?”

“वरून म्हंजे वरून! तीन खेपा मोजलं का नाई? एका मोजणीले एक वरून. आमी काय भाजी मोजूनमापून देतो? तुमच्या अकोल्यात देतेत काय तसं?”

गजेंद्रने पुस्तक हळूच मिटलं. “काकू, घरीबी असंच मोजत होत्या?”

“तं! पोरगी एवढा खेळ मांडून राहिली, अन मी कद्रूसारखी मोजू? तीन महिने सढळ हातानं मोजलं.”

वर्षालीने डोकं गुडघ्यात घातलं. तिचे खांदे हलायला लागले. खुशी घाबरून उठली, पण वर्षाली रडत नव्हती, हसत होती, हसता हसता तिला श्वास सापडत नव्हता. एका दगडाला एक वरून, तीन ठिणग्यांना तीन! म्हणून रोहित जिंकायचा! ती ठिणगीला कापत राहिली, आई ठिणगीला वाढत राहिली, आणि गणिताच्या मास्तरीणबाईंनी त्या वाटीत एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं. सत्त्याऐंशी वेळा वखऱ्या मेला तो मंत्रांनी नाही, भाजीवालीच्या हाताने.

“पुस्तकात हे नाई,” गजेंद्र म्हणाला. आवाजात दगड होता. “अन पुस्तकात नाई तं...”

“तं मी घेते ना वरून!” खुशीने ताटलीकडे हात नेला.

पार्बताबाईंनी तिच्या हातावर चापटी मारली. “वरून आपल्या हातानं घेत नसतेत, बाई. देणारा देते. आपुन मांगाचं.”

ते ऐकून वर्षालीचं हसू थांबलं. तिने पेन काढलं, गजेंद्रच्या हातातून पुस्तक घेतलं, ठिणगीच्या पानावर उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या आणि पुस्तक परत दिलं. तोंडातून चकार शब्द काढला नाही. गजेंद्रने मोठ्याने वाचलं, “‘घाव लागला की खेळणाऱ्याने एक जीव वरून मागावा. द्यायचा की नाही ही राक्षस चालवणाऱ्याची मर्जी. मागताना लाजू नये.’ म्हंजे मी देऊ? माह्याच राक्षसाचा जीव?”

“पुस्तकात लिहिलं हाये, भाऊ,” कुलदीप साळसूदपणे म्हणाला.

मग जे सुरू झालं त्याला खेळ म्हणावं की बाजार, सांगता येत नाही. खुशी म्हणाली, सकाळपासून उपाशी आहे, एक द्या. गजेंद्र म्हणाला, नाही. कुलदीप म्हणाला, बारा वर्षांचं गिऱ्हाईक आहे, एक द्या. नाही. खुशीचा मांत्रिक वखऱ्यासमोर हात जोडून उभा राहिला. कुलदीपचा मांत्रिक रागावून निघून चालला आणि चार पावलांवर, कोणी बोलावतंय का ते पाहायला, थांबला. पार्बताबाईंना हे फारच पसंत पडलं. “अस्सं! मांगं वळून पाहाचं नाई पण!”

“तुमी नटासंगं वायसर फुकट देता का नाई, भाऊ?” कुलदीपने घाव घातला. “देता ना? मले तं रोज देता.”

गजेंद्रचा चेहरा पडला. वायसर तो देत होता, सगळं अकोलं साक्षीला होतं. त्याने एक घुगरी वाटीत ढकलली, डोळे मिटूनच. पुढच्या फेरीला दोन दिल्या. त्याच्या पुढच्या फेरीला खुशीने नुसतं तोंड उघडलं तर म्हणाला, “घे, घे, बोलू नको.” आणि मग तोच हसायला लागला. बारा वर्षांत त्या गोदामाने ते हसू ऐकलं नव्हतं.

अठराव्या फेरीला खुशीची शेवटची ठिणगी लागली तेव्हा ताटलीत एकच घुगरी उरली. आता वखऱ्याने माती खाल्ली की तो पुन्हा पाच जिवांचा, आणि संध्याकाळ तर कधीच होऊन गेलेली. कोणी काही मागितलं नाही. मागायचंच विसरले सगळे. वर्षालीने स्टुलाची कड घट्ट धरली होती.

गजेंद्रने ती घुगरी उचलली, क्षणभर चिमटीत धरली आणि खुशीच्या तळहातावर ठेवली.

“हे माह्याकडून. वरून.”

पत्र्याचं छप्पर उडतं की काय असा आरडाओरडा झाला. कुलदीप टेबलावर चढला. खुशीने पार्बताबाईंना गच्च मिठी मारली. गजेंद्र कॅलेंडर शोधत होता आणि त्याला ते समोरच्या भिंतीवर असून सापडत नव्हतं.

“ठरलं,” तो म्हणाला. “बावन रविवार तुह्या खेळाले. आता बोलली तरी चालन.”

तीन तास कोंडलेलं वर्षालीला किती काय काय सांगायचं होतं, आभार मानायचे होते, ठिणगीचं नवं गणित मांडायचं होतं. तिने आईकडे पाहिलं. पार्बताबाई रिकाम्या डब्याला झाकण लावत होत्या.

“बावन नाही,” ती म्हणाली. “त्रेपन्न.”

गजेंद्रने आधी तिच्याकडे पाहिलं, मग पार्बताबाईंकडे. “काकू, पोरगी तुमचीच व्हय ना?”

“हाव,” त्यांच्याआधी वर्षालीच म्हणाली. “यांचीच.”