हिशेबात न धरलेली भिंत

इंजिनिअरबाईंनी स्क्रीनवरच्या इमारतीचा कोपऱ्यातला खांब पुसून टाकला आणि गणित पुन्हा चालवलं. निकाल तोच आला. खांब गेला की वरची तुळई खचते, तिच्यापाठोपाठ पहिला मजला, मग दुसरा, आणि बघता बघता अख्खा कोपरा जमिनीवर. त्यांनी मान वर करून रस्त्यापलीकडे पाहिलं. तीच इमारत, त्याच खांबाशिवाय, काही झालंच नाही अशा थाटात उभी होती.

काल सकाळी पाण्याचा टँकर मागे घेताना चालकानं तो खांब उडवला. नशीब म्हणायचं, कुणाला खरचटलंही नाही. रहिवासी हाताला लागेल ते घेऊन बाहेर पडले होते आणि आता समोरच्या फूटपाथवर पिशव्या, उशा आणि एक चिडलेलं मांजर सांभाळत बसले होते. तुळईखाली लोखंडी टेकू लावून झाले होते. घरी कधी जायचं, एवढंच ज्याला त्याला विचारायचं होतं.

"उभी आहे म्हणजे मजबूतच असणार," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. मुलं त्यांना पाठीमागे नियमकाका म्हणत आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "तुमचं मशीन काय म्हणतं?"

"मशीन म्हणतं, पडली."

"मग मशीन चुकतंय."

"चुकत असेल. पण का चुकतंय ते कळल्याशिवाय मी कुणाला आत सोडणार नाही."

त्या कोपऱ्यावरचं पहिल्या मजल्यावरचं घर नियमकाकांचंच होतं. टँकर आदळला तेव्हा त्यांची आई खिडकीशी बसून केस विंचरत होती. ते डोळ्यांपुढं आलं की त्यांचा आवाज आणखीच चढायचा.

बाई हेल्मेट घालून टेकूंमधून आत शिरल्या. खाली सगळी पार्किंगची जागा. त्या कोपऱ्यात मात्र एका शिंप्याचं दुकान होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पूर्वी कधीतरी त्यांनी कुणाला न विचारता आता उडालेल्या खांबापासून शेजारच्या खांबापर्यंत विटांची भिंत घातली आणि आडोसा करून शिलाई मशीन मांडलं. तेव्हापासून सोसायटीचं आणि त्यांचं वाजत होतं. अखेर यंदाच्या सभेत भिंत पाडायचा ठराव झाला. गवंडी पुढच्या आठवड्यात येणार होता. मोकळ्या होणाऱ्या जागेत नियमकाकांची गाडी लागणार होती. हे सगळं बाईंना येताच दोघातिघांनी सांगितलं होतं आणि त्यांनी ते कानाआड केलं होतं. विटांची भिंत म्हणजे नुसतं वजन. तिला आधार म्हणून कधी धरायचं नाही, कारण उद्या कुणीही उठतो आणि ती पाडतो. त्या असंच शिकल्या होत्या आणि हाताखालच्या लोकांनाही हेच शिकवत आल्या होत्या.

त्यांनी टॉर्च भिंतीवर धरला. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एकच तिरकी भेग गेली होती. वर तुळईला टेकते तिथला गिलावा चेचून पिठासारखा झाला होता. बाजूच्या विटा फुगून बाहेर आल्या होत्या. बाईंनी त्या भेगेवरून बोट फिरवलं. टेकू येईपर्यंत त्या सगळ्या घरांचं ओझं हिनं पेललं होतं, आणि त्यांच्या गणितात ती नव्हतीच.

बाहेर येऊन त्यांनी नियमकाकांना आणि मास्तरांना बोलावलं. मास्तर इतर रहिवाशांपासून चार हात लांब उभे होते. मापाची टेप अजून गळ्यातच होती.

"लोकांचे कपडे आहेत आत," ते आधीच म्हणाले. "शिवून तयार आहेत. तेवढे काढू द्या, माझं काही नाही."

"आत कुणीच जायचं नाही, मास्तर. काका, काल तुमचं घर यांच्या भिंतीनं धरून ठेवलं."

नियमकाकांनी हळूच विचारलं, "आधीच पाडली असती तर?"

"तर मला कुणी बोलावलंच नसतं. ढिगारा उपसणारे आले असते."

मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हणजे भिंत राहणार?"

बाईंना त्यांच्याकडे बघवेना. "नाही. ती आतून फुटलीय. उतरवावीच लागेल."

"असं होय." मास्तरांनी टेप गळ्यातून काढली आणि बोटाभोवती गुंडाळायला लागले. "मग आमचं एकूण तेच झालं म्हणायचं."

बाईंनी कामाचं बोलायचं ठरवलं.

"काका, घरी एवढ्यात कुणालाच जाता येणार नाही. आणि नुसता नवा खांब घालून भागायचं नाही. तो पुन्हा गेला तर कोपरा जाणारच. तिथं दुसरा आधार हवा. एक तर वरच्या तुळया मजबूत करू. मग खाली जागा मोकळी राहील, गाडी लागेल. नाहीतर याच जागी काँक्रीटची भिंत घालू. माझ्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. ठरवायचं तुम्ही."

"खर्च?"

"उन्नीस-बीस."

नियमकाकांनी फूटपाथकडे पाहिलं. त्यांची आई कुणाच्यातरी गादीच्या वळकटीवर बसून शेजारणीशी बोलत होती, काहीतरी ऐकून हसत होती. ते तिच्याकडे पाहत राहिले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं, आणि जरा जास्तच वेळ पुसलं. मास्तरांशी ते गेली कित्येक वर्षं फक्त नोटीस बोर्डावरून बोलत आले होते. आता ते त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"मास्तर, भिंत नवीन होतेच आहे, तर दुकानाचं शटर आहे त्याच बाजूला ठेवायचं, की रस्त्याकडे घ्यायचं?"

मास्तरांचे हात थांबले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग नियमकाकांकडे.

"रस्त्याकडे धूळ फार येते," ते म्हणाले. "पांढरं कापड राहत नाही."

"बरं," नियमकाका म्हणाले. "मग आहे तिथंच."