पाच मिनिटांच्या आत

नको तिथं नाक खुपसायची मला सवय आहे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईला ती असावीच लागते. गिऱ्हाईक सांगतं, "आपोआप बंद पडलं," आणि उघडून बघावं तर आत पाणी शिरलेलं असतं. आपोआप काही होत नसतं. त्यामुळे आमच्या चिमटीचं पोहणं आपोआप मंदावलंय असं धाकटा म्हणाला, तेव्हा ते मला काही पटलं नाही.

धाकटा म्हणजे माझा भाऊ आणि चिमटी त्याची मुलगी, चौदा वर्षांची. पाच वर्षांची असल्यापासून ती दुकानात माझ्या टेबलाशी बसून चिमट्यानं स्क्रू उचलायची, म्हणून हे नाव पडलं. दुकान आम्हा बहीणभावाचं. भिंतीवरची मोठी घड्याळं तो बघतो आणि गिऱ्हाइकांशी गोडही तोच बोलतो. बारीक काम माझ्याकडे, खिडकीजवळच्या टेबलावर, गेली बावीस वर्षं. त्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात मला अजून चष्म्याशिवाय काम जमतं.

पोहायला काय लागतं, पाणी! असं मला आधी वाटायचं. मग हळूहळू कळत गेलं. तलावाची फी वेगळी, कोचची वेगळी. शर्यतीचा पोशाख आमच्या दुकानातल्या सगळ्यात महाग घड्याळाच्या किमतीचा, आणि दहाबारा शर्यतींत तो सैल पडतो. वहिनी शाळेच्या कचेरीतलं काम संपवून शिकवण्या घेऊ लागली. धाकट्यानं स्कूटर विकली आणि मला सांगितलं की चालणं तब्येतीला बरं. चार वर्षांत हे कुटुंब एकाही रविवारी कुठं गेलं नाही. तक्रार मात्र कुणी केली नाही. चिमटी पाण्यातून वर यायची तेव्हा तिचा चेहरा असा असायचा की तक्रार करायची लाज वाटावी.

आता गोष्ट पोहण्याच्या मोठ्या प्रशिक्षण केंद्रापर्यंत आली होती. दुसऱ्या शहरात राहून शिकायचं. वर्षाची फी ऐकून वहिनीनं आकडा दोनदा विचारला. शेजारच्या औषधवाल्याला आमचा गाळा हवाच होता. धाकटा मला म्हणाला, "ताई, चारशे मीटर पाच मिनिटांच्या आत आली तरच गाळा विकायचा. नाही तर विषय बंद." दुकान निम्मं माझं, म्हणून त्यानं रीतसर विचारलं. मी हो म्हटलं. तोंडानं म्हटलं.

तलावावरची पद्धतही मजेशीर होती. कोचबाई एकट्या, मुलं चाळीस. म्हणून प्रत्येक मुलाचा वेळ त्याच्या घरच्यांनी मोजायचा आणि तक्त्यावर लिहायचा. पाचाच्या आतल्यांची नावं बाई मोठ्या केंद्राकडे धाडायच्या. कुणी विचारलं, "लोक खोटं नाही का लिहिणार?" तर बाई म्हणायच्या, "लिहू देत की! तिथं परत चाचणी होते. तिची फी बुडेल ती त्यांची."

बाकीचे आईबाप मोबाइलवर नाही तर प्लास्टिकच्या स्टॉपवॉचवर मोजायचे. आमचा धाकटा घड्याळजी! त्याच्याकडे चावीचं, जड, स्टीलचं स्टॉपवॉच होतं. भंगारातून आणून त्यानं स्वतः चालू केलेलं.

तीन महिन्यांपूर्वी चिमटीला पाच मिनिटं चार सेकंद लागत होते. मग एकदम पाच अकरा झाले. धाकट्याला वाटलं, ताप येणार असेल. ताप काही आला नाही. त्यानंतर आकडा रांगत रांगत पुन्हा पाच चारवर आला आणि तिथंच बसला. केंद्राच्या फॉर्मची शेवटची तारीख शनिवार होती. धाकटा जेवताना बोलेनासा झाला. आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. माझी खिडकी वाचत होती. बरं वाटलं म्हणून लाजही वाटली, आणि बुधवारी सकाळी मी कारण शोधायला तलावावर जाऊन बसले.

मला पोहण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण कोण आधी भिंतीला हात लावतं हे कळायला कोच व्हावं लागत नाही. सोळा फेऱ्या झाल्या. चिमटीनं हात लावला, आणि तिच्या मागून हिरव्या टोपीच्या मुलीनं.

"पाच शून्य!" हिरव्या टोपीची आई ओरडली.

"पाच चार," धाकटा खाली बघून पुटपुटला.

मी त्याच्याकडे बघितलं. "अरे, आपली आधी आली ना?"

"त्यांनी बटण लवकर दाबलं असेल. आईची माया."

"चार सेकंदांची माया?"

"ताई, त्या प्लास्टिकच्या डब्यांवर माझा विश्वास नाही. हे मी माझ्या हातांनी जोडलंय."

इथं माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर घड्याळावर संशय घेऊन मोकळा झाला असता. आमच्या घरात माणसावर संशय घेतात. मी म्हटलं, "दे इकडे, तेलपाणी करून देते. वर्ष झालं त्याला." त्यानं खुशीनं दिलं.

दुकानात येऊन मी ते टेबलावरच्या सेलच्या घड्याळाशेजारी ठेवलं आणि दोन्ही बरोबर सुरू केली. सेलच्या घड्याळात पाच मिनिटं झाली तेव्हा धाकट्याच्या लाडक्यात पाच मिनिटं सहा सेकंद झाले होते. मी पुन्हा करून बघितलं. पुन्हा सहा सेकंद.

मागचं झाकण काढून डोळ्याला भिंग लावलं. चावीच्या घड्याळात केसाएवढी एक गुंडाळलेली स्प्रिंग असते. ती जितकी आखूड, तितकं घड्याळ घाईत. या स्प्रिंगचं टोक खिळीत आणखी आत ओढून आखूड केलेलं होतं. उरलेलं शेपूट चांगलं नखभर बाहेर आलेलं, आणि ते कशाला घासू नये म्हणून अलगद बाजूला वळवलेलं. ते वळण मी ओळखलं. मी तसंच देते, आणि मी ते आजवर एकाच माणसाला शिकवलंय.

शाळा सुटल्यावर चिमटी दुकानात आली. धाकटा सुटे भाग आणायला गेला होता. मी तिच्या हातात भिंग दिलं. तिनं वाकून आत बघितलं.

"शेपूट जरा जास्त राहिलं का गं?" तिनं विचारलं.

काय म्हणावं या पोरीला! मी म्हटलं, "शेपटाचं राहू दे. का केलंस ते सांग."

"औषधवाले काका मोजायची टेप घेऊन आले होते ना, तू बाहेर गेली होतीस तेव्हा. तुझ्या खिडकीपाशी फ्रिज ठेवणार म्हणाले." ती भिंगाशी चाळा करत होती. "मग तू कुठं बसणार? घरी अंधार असतो. आणि बाबा काय करणार? बाबांना दुसरं काही येत नाही."

"मग सरळ हळू पोहायचं होतंस. हे उद्योग कशाला?"

"केलं ना एकदा. मुद्दाम हळू." तिनं मान हलवली. "नाही जमत गं आत्या. हात आपोआप ओढले जातात. त्यापेक्षा हे सोपं होतं."

मला विचारायचं नव्हतं, पण राहवेना. "मग तुझा खरा वेळ तुला कळतो कसा?"

"मनात वजा करते. पन्नास सेकंदांना एक." आणि मग तिला हसू लपवता येईना. "आज चार अठ्ठावन्न होते."

हे ती कुणाला सांगू शकली नव्हती. दोन महिने ही पोर रोज मनातल्या मनात सेकंद वजा करत होती, आणि बापाचं उतरलेलं तोंड बघत टॉवेलनं केस पुसत होती.

"बाबांना सांगणार तू?"

"अभ्यासाला बस," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते काम हातात घेतलं. स्प्रिंग पुन्हा जागेवर बसवायचं काम दहा मिनिटांचं. मी तासभर नुसती बसून होते. नुसतं झाकण लावून दिलं असतं तर कुणाला कळणार होतं? आम्ही तिघंही या दुकानात म्हातारी झालो असतो, चिमटीसुद्धा. मला स्वतःचा राग आला, धाकट्याचा आला, त्या टेपवाल्याचा तर आलाच. सगळ्यात जास्त राग याचा आला की आमच्या पोटापाण्याची काळजी चौदा वर्षांच्या मुलीनं करावी आणि आम्ही तिघा मोठ्यांनी खुशाल करू द्यावी. मग मी चिमटा उचलला.

शनिवारी मी धाकट्याबरोबर तलावावर गेले. बाबांना अजून काही कळलेलं नव्हतं, म्हणून चिमटीला वाटत होतं, घड्याळ अजून तिच्या बाजूचं आहे. त्यामुळे ती जीव तोडून पोहली. हिरवी टोपी अजून चारपाच हात मागं असतानाच तिनं भिंतीला हात लावला. धाकट्यानं बटण दाबलं, काटा बघितला, घड्याळ हलवलं आणि कानाला लावलं.

"ताई, काय करून ठेवलंस तू याचं? चार सत्तावन्न दाखवतंय!"

दोन महिने ते घड्याळ त्याच्या मुलीला मंद म्हणत होतं, तेव्हा त्यानं एकदाही कानाला लावलं नव्हतं.

"बरोबर दाखवतंय," मी म्हटलं, आणि जे होतं ते सगळं सांगितलं.

तो ओल्या पायरीवर तसाच बसला. चिमटी काठाला धरून पाण्यातच होती. चष्मा कपाळावर सरकवलेला, ओठ निळे. तिनं आमच्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"आत्या, तुझं टेबल?" ती एवढंच म्हणाली. तिला रडू येत होतं.

"तू हळू आहेस असं कुणी म्हटलेलं मला खपत नाही," मी म्हटलं. "तू म्हटलेलंही नाही."

कोचबाई तक्ता घेऊन आमच्यापाशी आल्या. धाकट्यानं पेन घेतलं, पण तो पुन्हा घड्याळ कानाला लावून बघत होता. मी पेन त्याच्या हातातून काढून घेतलं आणि चिमटीच्या नावापुढं लिहिलं, चार सत्तावन्न.