लढाईचा सिनेमा आणि भिंगावरचा हात

मी प्रोजेक्टर बोलतोय. हो, तोच. ज्याच्या पुढून कोणी उभ्यानं गेलं की साऱ्या मैदानातून "ए, खाली बस की!" अशी बोंब उठते, तो. लोकांना सिनेमा आठवतो, हिरो आठवतो, हिरोच्या नाकावर येऊन बसलेली भिंतीवरची पालसुद्धा आठवते. मला कोण विचारतंय? पण आज मला बोलायचंय. एक गोष्ट मनाला लागून राहिलीय आणि ती सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. डोळा उघडला तो लातुरात, एका क्लासच्या छताला उलटा टांगलेला. खाली पोरं माना घालून लिहायची आणि मी बेडकाचं पोट दाखवायचो. मी काय दाखवलं याचं कोणाला हसू नाही, रडू नाही. पुढं क्लासमध्ये नवा डिजिटल फळा आला, आणि मी अडगळीत गेलो.

तिथून मला आनंदराजनं उचललं. लोह्याजवळच्या एका गावात तो मंडप, खुर्च्या आणि स्पीकर भाड्यानं देतो. गडी मनानं मऊ, पण लढाईच्या सिनेमाचा असा नादी की जेवताना ताटात भाताचा डोंगर करून चौकी कुठं असावी ते दाखवायचा. मला पुसत पुसत म्हणाला, "आता खरं काम कर लेका."

तेव्हापासून पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, शिवाय गावचा कोणी फौजी रिटायर होऊन आला की मिरवणुकीनंतर समाजमंदिराच्या मागच्या भिंतीवर लढाईचा सिनेमा, हा रिवाजच पडला. सिनेमाला खऱ्या नावानं कोणी ओळखत नसे. बर्फावाला, पुलावाला, रेडिओवाला, अशी गावानं ठेवलेली नावं.

आनंदराजला विचारलं की कोणता चांगला, तर तो लगेच सांगायचा, "गोळ्या तर समदेच झाडून राहिलेत. गोळी झाडायच्या आधी माणूस काय करतोय ते बघ." बर्फावाल्यात दोघं जवान एक बिस्कीट मोडतात आणि मोठा तुकडा कोणी घ्यायचा यावरून भांडतात. दोघांनाही लहान तुकडा हवा असतो. तिथं आनंदराज दर वेळी नाक ओढायचा आणि धूळ उडालीय म्हणायचा. धूळबीळ काही नसायची, मला माहीत की.

पहिला खेळ पुलावाल्याचा होता. आनंदराजचा धाकटा भाऊ सुदर्शन तेव्हा फौजेत, सीमेवर. त्यांची आई सरजाबाई पुढच्या खुर्चीत आणि आनंदराजची पोरगी विशाखा, पहिलीतली, तिच्या मांडीवर. सिनेमात एक जवान जखमी सोबत्यांना पूल ओलांडून देतो आणि मग त्याला गोळी लागते. तो हळूहळू खाली पडतो. सूर्य मावळतोय, बासरी वाजतेय. मी तो उजेड इतका झकास पाडला की काय सांगू! साऱ्या गावानं शिट्ट्या मारल्या, टाळ्या पिटल्या. मागून कोणी ओरडलं, "एक नंबर!"

आणि सरजाबाई उठली. विशाखाला खाली ठेवलं, तडक माझ्यापुढं आली आणि दोन्ही हातांनी पदर आडवा धरला. तो पडणारा जवान, तो धूर, तो सूर्य, सगळं तिच्या पदरावर आलं. "बंद कर, आनंदा," एवढंच ती म्हणाली.

मग जो तो एकमेकाला समजावू लागला: लेकरू सीमेवर हाय, म्हातारीला अपशकुन वाटला, बरोबरच हाय तिचं. आणि त्या दिवसापासून ठरून गेलं. हिरो मरायच्या आत आनंदराज माझ्या भिंगावर हात ठेवायचा आणि माइकवर म्हणायचा, "जयभीम, जयहिंद, चहा हाय, पिऊन जा!"

कसं सांगू, मलाही ते बरंच वाटलं. मरण दाखवण्यापेक्षा चहा बरा. पण पुढं मी काय पाहिलं? गावची पोरं लढाई लढाई खेळायची. ज्याला गोळी लागायची त्याच्या डोळ्यांवर दुसरा पोरगा हात ठेवायचा, "संपला सिनेमा!" म्हणायचा आणि मेलेला गडी कपडे झटकून उठायचा. लोक हसायचे. पण हे पोरांना मीच शिकवलं होतं.

सुदर्शन नोकरी पुरी करून सुखरूप आला. उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, गुलाल उडाला. रात्री रेडिओवाला लावला. सुदर्शन पुढच्या मानाच्या खुर्चीत बसेना, मागं माझ्याजवळ पोत्यावर येऊन बसला. त्या सिनेमात एक जवान रेडिओवर पलीकडच्या चौकीला हाका मारत राहतो आणि तिकडून उत्तर येत नाही. बाकी काही घडतच नाही. पोरं कंटाळली. सुदर्शन म्हणाला, "दादा, हाच खरा. बाकीच्यात समदे लई ओरडतात. तिथं कुणी ओरडत न्हाई. नुसती वाट बघणं असतंय." शेवटाआधी आनंदराजचा हात भिंगावर आला. सुदर्शननं वर बघितलं. "हे काय?"

"मायनं बंद केलंय."

"बरं केलं," तो म्हणाला, आणि चहाला न थांबता घरी गेला.

या सगळ्यात विशाखा मोठी झाली. पहाटे नांदेडच्या रस्त्यानं पळायची, घरामागं दोर चढायची. यंदा तिची सीमा सुरक्षा दलात निवड झाली. गावभर पेढे वाटले. आनंदराजनं हातातला पेढा तसाच खिशात ठेवला आणि माझ्या खोलीत आला. माझं भिंग पुसू लागला.

"आपल्यामुळं निघाली रे ही," तो मला म्हणाला. "अर्धे सिनेमे बघून निघाली. हिच्या लेखी कुणी मरतच न्हाई. अन् त्यो हात कुणाचा? माझाच की."

हात त्याचा होता, पण उजेड माझा होता.

त्यानं ठरवलं, पोरगी जायच्या आधी तिला पुलावाला पुरा दाखवायचा. मग जायचं की नाही ते तिचं तिनं ठरवावं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर घरातच मला मांडलं. पडद्याला कापड शोधू लागला तर सरजाबाईनं पेटी उघडून विहारात वंदनेला नेसायची आपली पांढरी साडी काढून दिली. "ही लावा. स्वच्छ हाय." म्हातारी झोपेल असं त्याला वाटलं होतं. ती तर पाट घेऊन पुढंच बसली.

पूल आला. जखमी एकेक करून पलीकडं गेले. जवान एकटा राहिला. आणि इतक्या वर्षांची सवय, आनंदराजचा हात आपोआप माझ्या भिंगावर आला. खोलीत अंधार झाला.

"काढा हात, पप्पा," विशाखा म्हणाली.

"पोरी, पुढं..."

"पुढं त्यो मरतोय. ठावं हाय मला. नववीत होते तवाच मोबाइलवर समदे शेवट बघितलेत. बर्फावाल्यात दोघंबी मरतात. रेडिओवाल्यात तर सगळी चौकीच जाते. ते समदं बघूनच फॉर्म भरलाय मी."

"मग कामून बोलली न्हाईस कधी?"

"आजीसाठी. आजीला सोसत न्हाई म्हणून."

"आता गं बया!" अंधारातून सरजाबाईचा आवाज आला. "मला काय येडी समजून राहिलात व्हय समदे? इथं मेलेला गडी दुसऱ्या सिनेमात बायकोला घेऊन नाचतोय, टीव्हीवर बघत न्हाई का मी? अपशकुन कशाचा आलाय!"

"मग माय, त्या दिवशी पदर का धरलास?"

म्हातारी म्हणाली, "लोकं टाळ्या वाजवून राहिले होते, आनंदा. पोरगं मरून राहिलं, अन् लोकं टाळ्या वाजवून राहिले. माझा सुदर्शन तिकडं. मला वाटलं, त्याला लागलं तरी हे असंच वाजवतील."

माझ्या भिंगावर अजून आनंदराजचा तळवा होता. मला जे वाटलं ते सांगतो. टाळ्या त्या मरणाला नव्हत्या, माझ्या उजेडाला होत्या. मीच ते इतकं देखणं केलं होतं. आणि वर इतकी वर्षं मी त्या बाईला भित्री समजत होतो.

"काढ हात," सरजाबाई म्हणाली. "आज टाळ्या वाजवायला कुणी न्हाई. बघू दे."

हात निघाला. जवान पडला. आणि त्याच्यानंतर सिनेमा संपला नाही! पुढं चांगली दहा मिनिटं होती, ती या घरात फक्त विशाखाला ठाऊक होती. त्यानं पूल पार करून दिलेला एक जवान, पायाला पट्टी बांधलेला, त्याच्या गावी जातो. दार वाजवतो. मेलेल्याची आई दार उघडते, याच्याकडं बघते, याच्या मागं मोकळ्या रस्त्याकडं बघते. ती विचारते, "जेवलास का?" आणि ताट वाढायला आत जाते. बासरी नाही, काही नाही. नुसता भांड्यांचा आवाज.

सरजाबाई म्हणाली, "हां. असंच इचारती माय." आणि पांढऱ्या साडीवरचं चित्र विझलं तरी पाटावरून उठली नाही. विशाखानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आनंदराज धूळबीळ काही न म्हणता उघड उघड रडला.

ती दहा मिनिटं इतकी वर्षं माझ्या पोटात होती. लढाईचा सिनेमा बघायचा तो याच्यासाठी, आणि मी गावाला धूर दाखवला, पूल दाखवला आणि चहाला पाठवलं. हे मला अजून टोचतं.

विशाखा गेली. पप्पांनी जा म्हटलं नाही, जाऊ नको असंही म्हटलं नाही. खिशातला सुकलेला पेढा तिच्यापुढं खाल्ला.

यंदाच्या पंधरा ऑगस्टला आनंदराजनं माइक घेतला. "आज सिनेमा पुरा हाय. पोरगं पडंल तवा टाळ्या वाजवायच्या न्हाईत. चहा आज न्हाई." मागून एकानं मस्करीत शिट्टी मारलीच. पण जवान पडला तेव्हा तीही वाजली नाही. पुढं ते दार वाजलं, ते "जेवलास का?" झालं, आणि मैदानातून कोणी उठेना. तेवढ्यात सरजाबाईच्या हातातला मोबाइल वाजला. ट्रेनिंगवरून विशाखा. साऱ्या मैदानाला ऐकू आलं, म्हातारीनं पहिला शब्द काय विचारला ते: "जेवलीस का गं?"

आता माझं वय झालंय. मध्यभागी पिवळा डाग पडलाय, बर्फावाल्यातला बर्फ हळदीसारखा दिसतो. माझा दिवा कधीतरी ऐन सिनेमात जाईल. तुम्हाला एवढंच सांगणं आहे. जवान पडायच्या आत मी विझलो तर "वाचला असंल" म्हणत चपला शोधू नका. तो वाचलेला नसतो. थोडं अंधारात बसून राहा. त्याच्या घरी सांगायला जाणारा अजून वाटेतच असतो.