तारायान घरी पोचल्याची बातमी

मी एक जुनी सायक्लोस्टाइल मशीन आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी माझे नावही ऐकले नसेल, म्हणून आधी माझे काम सांगते. मेणकागदावर लोखंडी लेखणीने मजकूर कोरायचा. त्या कागदाला स्टेन्सिल म्हणतात. तो माझ्या गोल डब्यावर गुंडाळायचा, आत शाई भरायची आणि बाजूचा दांडा फिरवायचा. दर फेरीला एक कोरा कागद आत जातो आणि छापून बाहेर येतो. मला वीज लागत नाही. लागते ते दांडा फिरवणारे माणूस.

माझा जन्म कोलकात्याजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथून आधी रेल्वेने आणि मग ट्रकने मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसला, एका शाळेत आले. एकोणीस वर्षे मी तिथे परीक्षेचे पेपर छापले. शाळेचे कारकून मधुसूदनबाबू माझी काळजी घेत. बाही कोपरापर्यंत सारून ते दांडा फिरवत आणि काम झाले की रॉकेलच्या फडक्याने मला पुसून ठेवत. तपासणीला साहेब आले की मुख्याध्यापक त्यांना मुद्दाम मला दाखवत. त्या वेळी मला फार बरे वाटे.

पुढे शाळेसमोर झेरॉक्सचे दुकान निघाले. माझा कागद ओढणारा रबरी रूळही त्याच सुमारास कडक होऊन तडकला. मग मला जिन्याखाली ठेवले. माझ्यावर जुने नकाशे आले, नकाशांवर फुटकी घंटा आली. चार वर्षे मला कोणी हात लावला नाही. एका उन्हाळ्यात शाळेने मोडीत काढायच्या वस्तूंची यादी केली, आणि मधुसूदनबाबूंनाच आपल्या अक्षरात माझे नाव त्या यादीत लिहावे लागले.

पण त्यांनी मला भंगारात जाऊ दिले नाही. धरमसिंग नावाचे त्यांचे एक मित्र गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये फिटर होते. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. धरमसिंगांनी मला हातगाडीवर घालून आपल्या दुरुस्तीच्या खोलीत नेले. जिनिंगच्या यंत्रांना चामड्याचे रूळ असतात. त्याच चामड्याचा एक तुकडा कापून त्यांनी माझ्या रुळावर ताणून बसवला आणि दांडा फिरवून पाहिला. कागद सरळ बाहेर आला.

"बाबू, चालते ही," ते म्हणाले. "आता हिच्यावर छापाचं काय?"

"तारायान," मधुसूदनबाबू म्हणाले.

तारायान ही दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी लागणारी एक हिंदी मालिका होती. त्या वेळी ती बारा वर्षांपासून चालू होती. पृथ्वीवरून निघालेले एक यान वाट चुकते आणि घरी परतण्याचा रस्ता शोधत ताऱ्यांमधून हिंडते, अशी ती गोष्ट. मधुसूदनबाबूंना यानाची कप्तान आवडे. धरमसिंगांना इंजिन सांभाळणारा म्हातारा मिस्त्री आवडे, कारण त्याचे हात नेहमी काळे असत. पण त्या काळात भारनियमन फार होते. रविवारी सकाळी दिग्रसची लाइन नेमकी जायची आणि त्या आठवड्याचा भाग बुडायचा.

त्यावर उपाय निघाला तो विजयमालाबाईंमुळे. दिग्रसपासून बैलबंडीने दोन तासांवर त्यांचे गाव. घरची शेती, कापूस आणि तुरीची. त्यांच्या गावाला लाइन जाण्याची वेळ वेगळी होती, म्हणून तारायान तिथे दिसे. जिनिंगवर कापूस घेऊन आल्या की त्या धरमसिंगांना बुडालेला भाग सांगत. एकदा मधुसूदनबाबूंनी ते ऐकले आणि म्हणाले, "वहिनी, हे लिहून द्याल का?"

"मी चौथी शिकली, बाबू. माह्यं कोण वाचते?"

"आम्ही दोघं तर वाचू."

बाई लिहू लागल्या. रविवारी मालिका संपली की त्या वहीच्या दोन पानांवर सगळी गोष्ट उतरवत आणि संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देत. सोमवारी मधुसूदनबाबू स्टेन्सिल कोरत. धरमसिंग दांडा फिरवत. 'तारायान वार्ता' असे त्या कागदाचे नाव होते. आधी तीस प्रती निघत, सहा महिन्यांत दीडशे निघू लागल्या. एसटीने त्या महागावला जात, यवतमाळच्या कॉलेजात जात. लोक पत्रे पाठवत आणि त्यातली चांगली पत्रे मागच्या बाजूला छापली जात. कप्तानाचा निर्णय चुकला की बरोबर होता, यावर महागावच्या एका कंपाउंडरने आणि यवतमाळच्या एका प्राध्यापिकेने अकरा आठवडे वाद घातला. परीक्षेचे पेपर छापताना मुले माझ्याकडे धास्तीने बघत. आता माझ्यातून निघणाऱ्या कागदाची लोक वाट बघू लागले होते.

मग दोन हजार पाचचा हिवाळा आला. कापसाची ती वर्षे वाईट होती. वर्तमानपत्रात आमच्या जिल्ह्याचे नाव रोज येई आणि ते चांगल्या बातमीसाठी नसे. जिनिंगच्या आवारातल्या कापूस खरेदी केंद्रासमोर बंड्यांची रांग लागे. ती जिनिंगच्या फाटकातून आत येऊन माझ्या खोलीच्या दारापर्यंत पोचे. माणसे दोन-दोन, तीन-तीन दिवस बंडीखाली बसून राहत. करायला काही नसे. मग कोणीतरी 'वार्ता' मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत.

अशाच एका सकाळी मधुसूदनबाबू वर्तमानपत्र घेऊन आले. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. तारायान मालिका येत्या मार्चमध्ये बंद होणार होती. त्यांनी ती दारातच वाचून दाखवली. रांगेत विजयमालाबाईही होत्या. त्यांची बंडी तिसरी होती.

"म्हणजे, यान घरी पोचल्याशिवायच?" त्यांनी विचारले.

"ते काही लिहिलं नाही, वहिनी. नुसतं बंद होणार एवढंच आहे."

डोंगरसिंग नावाचे एक म्हातारे शेतकरी बंडीच्या चाकाला टेकून बसले होते. त्यांना वाचता येत नव्हते, पण गेल्या वर्षभरातली एकही 'वार्ता' त्यांनी ऐकायची सोडली नव्हती. ते म्हणाले, "घरी पोचले तं मंग पाहाचं काय? हिंडून राह्यले तेच बरं हाय. मी तं म्हणतो, तसेच हिंडू द्या त्यायले."

"तुमाले बरं वाटते, बावाजी," बाई म्हणाल्या. "त्या कप्तानाची पोरगी तिकडं वाट पाहून राह्यली. तेरा वर्षं झाले. असं अर्ध्यातून बंद करतेत का कोणी?"

"सगळंच अर्ध्यातून बंद होऊन राह्यलं, वहिनी," धरमसिंग म्हणाले. "मालकानं काल सांगतलं. हा माल निपटला का जिनिंग बंद. मले गुजरातेत काम भेटलं. संक्रांतीनंतर जातो मी."

हे मधुसूदनबाबूंनाही माहीत नव्हते. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती पुन्हा उघडली आणि पुन्हा घातली.

थोड्या वेळाने विजयमालाबाई खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "बाबू, एक स्टेन्सिल काढा. त्या मालिकेवाल्यायले चिठ्ठी लिहू." त्यांनी सांगितले आणि मधुसूदनबाबूंनी हिंदीत कोरले. चिठ्ठी लहानच होती: मालिका बंद करायची असेल तर करा, पण आधी यान घरी पोचवा, आम्ही तेरा वर्षे त्यांच्याबरोबर आहोत. मी दोनशे प्रती छापल्या. रांगेतल्या माणसांनी खाली सह्या केल्या. डोंगरसिंगांनी माझ्याच शाईत अंगठा बुडवून उमटवला. ते म्हणाले, "माह्यं म्हणणं येगळं हाय. पण बाई म्हणते तं घ्या."

महिन्याभराने दोन ओळींचे उत्तर आले. आपली पत्रे मिळाली, अखेरचा भाग मार्चच्या दुसऱ्या रविवारी दाखवण्यात येईल. यान पोचणार की नाही, ते त्यात नव्हते.

संक्रांत झाली. धरमसिंग जाण्याच्या आदल्या दिवशी खोलीत आले. त्यांनी माझ्या प्रत्येक सांध्यात तेल सोडले आणि चामड्याचा एक जादा तुकडा कागदात गुंडाळून माझ्या पेटीत ठेवला. जिनिंगला कुलूप लागणार होते. मधुसूदनबाबूंचे घर दोन खोल्यांचे. मला कुठे ठेवायचे, हा प्रश्न होता.

"माह्याकडं द्या," विजयमालाबाई म्हणाल्या. "बंडी रिकामीच चालली."

तशी मी रिकाम्या बंडीत, पोत्यावर बसून त्यांच्या गावी गेले. त्यांनी मला ओसरीत, टीव्हीच्या शेजारी ठेवले. आठवडे गेले. स्टेन्सिल आता बाई स्वतः कोरत आणि दांडाही त्याच फिरवत. पहिल्या दिवशी शाई त्यांच्या लुगड्यावर सांडली. दुसऱ्या आठवड्यात त्यांना जमले.

मार्चचा दुसरा रविवार उजाडला. मधुसूदनबाबू पहिल्या एसटीने आले होते. डोंगरसिंग आपल्या गावाहून मुलाच्या गाडीवर बसून आले. ओसरीत आणि अंगणात मिळून चाळीसेक माणसे होती. मालिकेचे संगीत सुरू झाले. यान पडद्यावर आले. कप्तान म्हणाली, "सब लोग अपनी जगह पर हैं?" आणि लाइन गेली.

सगळे थांबले. पाच मिनिटे, मग दहा. ही रोजची वेळ नव्हती. जिल्ह्याची मोठी लाइनच कुठेतरी बिघडली होती, हे दुपारी कळले. यवतमाळलाही लाइन नव्हती. एकेक माणूस उठून गेले. डोंगरसिंग शेवटी उठले. विजयमालाबाई तशाच बसून होत्या. त्यांच्या मांडीवर वही उघडी होती आणि पानावर फक्त तारीख लिहिलेली होती.

मित्रांनो, त्या आठवड्यात मी अगदी गप्प होते. सोमवार गेला, मंगळवार गेला. वर्तमानपत्रांत काही आले नाही. महागावहून, यवतमाळहून चिठ्ठ्या येत होत्या आणि सगळ्यांत एकच प्रश्न होता. बाई रोज माझ्यावरची धूळ पुसत, पण दांड्याला हात लावत नसत.

शनिवारी पोस्टमन निळे आंतरदेशीय पत्र घेऊन आला. ते गुजरातेतल्या कडी गावाहून आले होते. अक्षर मोठे आणि वेडेवाकडे होते. धरमसिंगांनी आजवर 'वार्ते'त एक ओळही लिहिली नव्हती. बाईंनी पत्र उभ्यानेच वाचले, मग खाली बसून मोठ्याने वाचले.

"वहिनी आणि बाबूले रामराम. तुमी तारायान पायलंच असन, तरी लिहून राह्यलो. इथं बोलाले कोणी नाई. खोलीतले दुसरे पोरं गुजराती हायेत. यान पोचलं. उतरताना लय हाललं. मिस्त्रीनं दोन हातानं दांडा धरला होता. मंग त्यानं इंजिन बंद केलं. तुमी ध्यान देलं का, तेरा वर्षं त्या मालिकेत मांगं एक घरघर चालू राहे. कोणी बोलो न बोलो, ते राहेच. ते बंद झालं. पहिल्यांदा. मले एकदम कसंतरी वाटलं. जिनिंग बंद झाल्यावर असंच चुप झालं होतं. पण मंग त्या चुपमंधी पाखराचा आवाज आला. कप्तान म्हणे, अब क्या. मिस्त्री म्हणे, अब दरवाजा खोलो. पोरगी बाहेर उभी होती. मोठी झाली आता. मी रडलो, हे बाबूले सांगू नका."

बाबू सकाळच्या एसटीने आले होते आणि तिथेच बसले होते. ते चष्मा काढून पुसू लागले.

"वहिनी, हे थोडं नीट करून लिहिता का?" त्यांनी विचारले.

"एक अक्षर बदलणार नाई मी," बाई म्हणाल्या. "फक्त शेवटचं वाक्य काढते. ते त्यायचं त्यायले ठेवू."

बाईंनी दुपारपर्यंत स्टेन्सिल कोरले. मी तीनशेबारा प्रती छापल्या. एवढ्या एका दिवशी मी शाळेतही छापल्या नव्हत्या. डोंगरसिंगांच्या गावी बाईंनी स्वतः नेऊन वाचून दाखवले. ऐकून ते म्हणाले, "दरवाजा खोलो म्हणे? चांगलं झालं मंग." एक प्रत कडीला, धरमसिंगांच्या पत्त्यावर गेली.

त्यानंतरच्या रविवारी मालिका नव्हती, तरी सकाळी दहा-बारा माणसे सवयीने ओसरीत येऊन बसली. चहा झाला. कोणीतरी विचारले, "पोरगी कप्तानासंग बोलली असन का पहिल्या दिवशी?" कोणी म्हणाले नाही, कोणी म्हणाले हो. बाईंनी वही आणली आणि जे झाले असेल असे त्यांना वाटत होते ते लिहिले. सोमवारी मी ते छापले. महागावच्या कंपाउंडरला ते मुळीच पटले नाही. त्याने तीन पानी पत्र लिहिले.

पुढच्या दिवाळीला दुसऱ्या एका मालकाने जिनिंग घेतली आणि फिटर म्हणून धरमसिंगांना बोलावून घेतले. दिग्रसला उतरल्यावर ते घरी सामान टाकून थेट ओसरीत आले आणि माझ्या रुळावरून अंगठा फिरवून म्हणाले, "घासला. नवा लावा लागते."

आज मी बाईंच्या गावातल्या शाळेत आहे. मालिकेची आठवण असलेली माणसे आता थोडी उरली आहेत. शनिवारी मुले आपल्या गोष्टी लिहितात आणि विजयमालाबाई, आता चष्मा लावून, स्टेन्सिल कसे कोरायचे ते दाखवतात. कोणाचे अक्षर वाकडे आले तरी त्या ते बदलत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत जिन्याखाली, कपाटामागे कोणीतरी माझ्यासारखे धूळ खात पडले असेल. त्याचे नाव मोडीच्या यादीत लिहिण्याआधी एकदा बाहेर काढा, पुसा आणि ते चालवता येणारे माणूस गावात शोधा. असे माणूस बहुधा जवळच असते आणि कोणीतरी आपल्याला विचारावे याची वाट पाहत असते.