रंगुबाईंच्या वाकळीवरची फुलं

मित्रांनो, मी एक जुनी वाकळ आहे. शहरात मला गोधडी म्हणतात आणि भिंतीवर टांगतात, असं ऐकून आहे. मी मात्र धरणाकाठच्या पळसदेव गावात माणसांच्या अंगावरच जुनी झाले.

रंगुबाईंनी मला तीन जुन्या लुगड्यांतून शिवलं आणि वरून दारातल्या बागेतली फुलं भरली. नमुन्याचं पुस्तक नव्हतं. फूल तोडून मांडीवर ठेवायचं, बघत बघत टाके घालायचे. प्रत्येक फूल एकेका माणसाचं. मुलगा सोमनाथ कंपनीतून संध्याकाळी घरी यायचा, म्हणून त्याची संध्याकाळी फुलणारी गुलबक्षी. नात मोनालीची सदाफुली. "कुटंबी लावा, ही हसतीय," रंगुबाई म्हणायच्या. पाहुणे माझं कौतुक करत, बाळं मला ओलं करत. दोन्ही मी गोड मानून घेतलं.

पुढे मऊ ब्लँकेटं आली आणि मी पत्र्याच्या पेटीत गेले. सहा वर्षं. मागच्या थंडीत रंगुबाई आजारी पडल्या, तेव्हा त्यांनीच मला मागून घेतलं. माझ्याच उबेत त्यांचा श्वास थांबला.

दुसऱ्या दिवशी शेजारी राहणारी त्यांची धाकटी जाऊ, चंद्राबाई, दारात उभी राहिली.

"गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत न्हाईत. धरणाच्या पाण्यात सोडून या."

मोनालीने मला छातीशी धरलं. "आज्जीनं शिवलीया. मी न्हाय देणार."

"तू शिकलीस म्हणून रीत बदलती व्हय गं? आण हिकडं!"

ओढाओढीत माझा एक टाका तुटला. मोनाली रडतच म्हणाली, "हिच्यावर तुमचंबी फूल हाय."

"माजं? नळावर ईस वर्सं भांडलो आमी. धोतरा काढला आसंल तिनं."

"कोरांटी. आज्जी म्हनायची, काट्याची हाय, पर सगळी बाग वाळली तवा हीच तेवढी फुलली."

चंद्राबाई खाली बसली. बोटाने कोरांटीचे टाके चाचपत राहिली. मग तिने माझी घडी घालून मला काखेत घेतलं आणि पाण्याकडे निघाली. मोनाली मागे धावली.

"धाकली आज्जी, नगं!"

"गप. धुवाया नेतीया. साबण आण."

आता मी मोनालीच्या अंगावर असते. मित्रांनो, वाकळीला ऊन दाखवा, उसवली तर दोन टाके घाला. पण त्याआधी, शिवणारी जिवंत आहे तोवर तिच्याजवळ बसा आणि कुठलं फूल कुणाचं ते विचारून घ्या. माझ्या एका कोपऱ्यात पांढरी तगर आहे. ती भरताना रंगुबाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि घरात कुणी विचारलंही नाही. ती कुणाची, हे आता मलाही ठाऊक नाही.