दाराआडचे दोन शब्द

भुतानं काय म्हणायचं हे ठरवायला तिला अकरा महिने लागले, आणि शेवटी ठरले ते दोनच शब्द: "येते मी."

त्याआधी ती लिफ्टसाठी लिहायची. 'दार बंद होत आहे', 'कृपया मागे सरका' ही वाक्यं तिची आणि आवाजही तिचाच. निम्म्या शहराला तिनं वरखाली केलं होतं, पण लेखिका म्हणून तिला काळं कुत्रं विचारत नव्हतं. त्यामुळे झपाटलेल्या घराच्या खेळाचं काम मिळालं तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवायचा, की माणूस थेट त्या घरात! जिना करकरतो, पडदे हलतात, पाठीमागे कुणीतरी श्वास घेतं. शेवटी मागच्या खोलीचं बंद दार आणि दाराआड भूतबाई. तिचा आवाज ऐकून खेळणाऱ्यानं कडी काढायची, मग जे व्हायचं ते होतंच. कडी काढलीच नाही, तर भूतबाई बिचारी आत ताटकळत उभी.

चार जणांच्या त्या कचेरीचे मालक डोक्यावरची टोपी कधीच काढत नसत, म्हणून सगळे त्यांना टोपीवाले म्हणत. खेळ बाजारात आणणारी मंडळी दुसऱ्या दिवशी बाराला बघायला यायची होती. टोपीवाल्यांनी आदल्या दुपारी चाचणी ठेवली आणि खालच्या दुकानातल्या शिंपी मास्तरांना वर बोलावलं.

मास्तर जिन्यात दोनदा दचकले. टोपीवाले खूश. मास्तर बंद दारापाशी आले. आतून आवाज आला, "येते मी."

"बरं, या," मास्तर म्हणाले, आणि वळून पडदा बघायला लागले. "दुमड उलटी घातलीय हो ह्याची."

"मास्तर, कडी काढा ना!"

"कशाला? बाई येते म्हणाल्या की. निरोप घेतलेल्या बाईला परत कशाला अडवायचं?"

तेवढ्यात तिच्या सासूबाई आल्या. सूनबाई डबा घरीच विसरल्या होत्या, तो द्यायला. आल्याच आहेत तर बसवा त्यांनाही, असं टोपीवाले म्हणाले. सासूबाई कशालाच घाबरत नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं. चष्मा चढवून सासूबाई घरभर फिरल्या, जळमटांना नाकं मुरडली, जिन्यावरच्या सावलीला "सरक बाजूला" म्हणाल्या. मग दाराआडून सुनेचा आवाज आला, "येते मी."

"हं, ये. डबा घेतलास का?"

सगळे खो खो हसले. तिला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भूत येतंय, म्हणून तिनं लिहिलं होतं 'येते'. आपल्याकडे जाणाराच 'येते' म्हणतो, हे रोज सकाळी उंबऱ्यात म्हणूनही लिहिताना तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. अकरा महिने घालवून तिनं भुताला सभ्यपणे घरी पाठवलं होतं.

"उद्या दहापर्यंत बघ काही सुचतंय का," टोपीवाले म्हणाले. "नाहीतर माझ्याकडे एक तयार किंकाळी आहे, ती लावतो. शब्दच नकोत. आणि शब्द नाहीत म्हटल्यावर 'लेखन' ह्या ओळीत नाव तरी कुणाचं घालायचं?"

ते नाव पडद्यावर बघण्यासाठीच तर तिनं हे काम धरलं होतं.

सकाळपर्यंत तिनं चाळीस वाक्यं लिहिली. त्यात रक्त होतं, सूड होता, सात जन्म होते. भांडी घासता घासता सासूबाईंनी ती तिच्याकडून वाचून घेतली.

"एवढं बोलायचं म्हणजे भुताला धाप लागेल गं. त्यापेक्षा डबा विचारू दे त्याला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पुरे, आई! माझं काम म्हणजे तुम्हाला नुसती गंमत. जाते मी."

दार ओढून ती निघाली. आत काहीतरी खणकन पडलं. ती तिसऱ्या पायरीवर पोचते न पोचते तोच कडी वाजली, दार उघडलं. खुर्चीतून उठायचं तर गुडघ्यांची दहा मिनिटं मनधरणी करणाऱ्या सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत फेसानं भरलेले, चेहरा पांढराफटक.

"काय म्हणालीस?"

"चुकले, आई."

"आत ये. बस. पाणी पी. आणि नीट म्हण."

ती आत गेली, बसली, दोन घोट पाणी प्यायली. "येते, आई."

"हं. ये."

पुन्हा तिसऱ्या पायरीवर आली आणि ती थबकली. कडी! सासूबाईंनी स्वतःच्या हातानं कडी काढली होती. चाळीस वाक्यांचा कागद तिनं तिथेच चुरगाळला. डबा आजही घरीच राहिला होता.

कचेरीत तिनं नवे शब्द भरले. गुरगुर नाही, घुमारा नाही, सकाळी निघाले होते तसेच, दमलेले आणि चिडलेले. मास्तरांना पुन्हा वर बोलावलं.

"जाते मी," दाराआडून आवाज आला.

"अहो बाई, असं काय बोलता!" मास्तरांचा हात कडीवर गेलासुद्धा. पुढच्या क्षणी त्यांची बोबडी वळली. त्यांची किंकाळी ऐकून खाली दुकानातली दोन गिऱ्हाइकं रस्त्यावर आली. टोपीवाल्यांनी आनंदानं टेबलावर थाप मारली.

दारात डबा घेऊन सासूबाई उभ्या. "बघू, सुधारलं का तुझं भूत?"

"नको, आई. आज नको." तिला खरंच नको होतं. पण ऐकतील तर त्या सासूबाई कसल्या! त्यांनी चष्मा चढवला.

"जाते मी."

सासूबाईंचा हात कडीकडे झेपावला, इतक्या जोरात की शेजारी उभ्या असलेल्या टोपीवाल्यांची टोपी उडाली आणि आतलं चकचकीत गुपित सगळ्यांना दिसलं. दार उघडलं. केस मोकळे सोडलेली भूतबाई अंगावर धावून आली.

"ओरडू नकोस," सासूबाई तिला म्हणाल्या. "आधी येते म्हण."

भूतबाई आणखीच ओरडली.

"येते म्हण म्हणते ना!"

कुणी हसलं नाही. सासूबाईंनी चष्मा काढला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "भुताचं काही नाही हो. पण आवाज माझ्या पोरीचा आहे. तिच्या तोंडी हे ठेवून खेळ संपवायचा नाही."

तिला हुंदकाच फुटला. चार वर्षांत सासूबाईंनी तिला पोरगी म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

"काकू, खेळच आहे तो," टोपी शोधत टोपीवाले म्हणाले.

"असू दे. शेवटी ती येते म्हणेल. तोवर हिला डबा नाही."

मग काय करणार? सगळं शांत झाल्यावर, अगदी शेवटी, घालू म्हणाले टोपीवाले, म्हणजे कुणाचं लक्ष जाणार नाही. तिनं रोज सकाळी उंबऱ्यात म्हणते तसं हळू आवाजात, मायेनं, सासूबाईंकडे बघत म्हटलं, "येते हं."

बाराला मंडळी आली. तिघे होते. तिघांनी कडी काढली, तिघे किंचाळले, मग जीव भांड्यात पडल्यासारखे हसायला लागले. घर शांत झालं. आणि कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी मायेनं म्हणालं, "येते हं."

हसू जागच्या जागी थांबलं. तिघांतल्या वयस्कर बाईंनी चष्म्यासकट मान सावकाश मागे वळवली. "येते म्हणजे... परत?"

खेळ तिथेच पक्का झाला, आणि 'लेखन' ह्या ओळीत तिचं नावही.

सासूबाईंनी रिकामा डबा पिशवीत घातला, चपला घातल्या आणि दारातून मागे वळून टोपीवाल्यांना रीतसर म्हणाल्या, "बरंय, येते हं."

टोपीवाले "या" म्हणाले नाहीत. त्या दोघी तिसऱ्या पायरीवर पोचायच्या आत वर कडी लागल्याचा आवाज आला.

"ह्यांना काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.