घाण्यापुढचा दिवा

मधुकरला त्या दसऱ्याला कुणीतरी सणसणीत कानाखाली द्यायला हवी होती. पण देणार कोण? अख्ख्या आळीत त्याचं कौतुक! मुलुंडच्या अण्णा तेलवाल्यांचा मुलगा सरकारी ऑफिसात चिकटला, तेही परदेशातून तेल मागवणाऱ्या ऑफिसात!

अण्णांचा शेंगदाण्याचा घाणा बाजारामागे होता. बायका किटली घेऊन यायच्या, तळहातावर थेंब चोळून वास घ्यायच्या आणि मगच भाव विचारायच्या. दसऱ्याला घाण्याची पूजा व्हायची. दिव्यात तेल पडायचं ते त्याच सकाळी त्याच घाण्यातून निघालेलं, दुसरं नाही.

आणि हा शहाणा त्या दिवशी पामतेलाची नमुन्याची बाटली घेऊन आला!

"अण्णा, मलेशियाशी करार झालाय. बोटीच्या बोटी येणार, रेशनवर गरिबाला स्वस्त तेल मिळणार. आज दिव्यात हेच घाला ना!"

"मेल्या, अक्कल गहाण ठेवलीस काय?" आई, वनमालाबाई, कडाडल्या.

अण्णांनी मात्र थेंब तळहातावर चोळला. "वासच नाही रे याला," एवढंच म्हणाले आणि दिवा भरला. "लेकाच्या नोकरीचं तेल आहे गं, जळू दे." मधुकरची छाती फुगली. पुढे त्या फुगलेल्या छातीची त्याला फार लाज वाटली.

कारण तेल खरंच आलं. चाळीतल्या चकल्या त्यात तळल्या जाऊ लागल्या, आणि लोकांना तरी काय बोलणार? खाणारी तोंडं ढीगभर असली की वास कोण घेत बसतो! आधी बायकांच्या किटल्या बंद झाल्या, मग वडेवाले फिरकेनात. घाणा फक्त शनिवारी, मारुतीच्या तेलापुरता चालू लागला. मग तोही थांबला.

"मी नुसता कारकून आहे हो अण्णा. माझ्या सहीनं बोट येते होय?" मधुकर एकदा जेवताना कळवळून म्हणाला.

"तुला कोण काय म्हणालं? जेव तू."

हेच तर वाईट होतं. अण्णा चिडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, तर घास तरी उतरला असता.

पुढच्या दसऱ्याला घाण्याची शेवटची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी भंगारवाला येणार होता. घाण्याचं तेल घरात थेंबभरही उरलं नव्हतं. वनमालाबाई रेशनचा डबा हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. अण्णांनी तो त्यांच्या हातून घेतला आणि दिवा भरला.

"मधू," त्यांनी मान वर न करता विचारलं, "तिकडे मलेशियातही आपल्यासारखे तेलवाले असतील ना रे? त्यांचं तरी बरं चाललंय ना?"

मधुकरला तिथली बंदरं पाठ होती, बोटींची नावं पाठ होती. हे मात्र त्याला कधी कुणाला विचारावंसंच वाटलं नव्हतं.

"हो अण्णा," तो कसाबसा म्हणाला. "झकास चाललंय."

"मग झालं तर," म्हणत अण्णांनी वात पुढे सारली.